पंचवीसची पत्ती

गाडीचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक मोबाइल काढून तिची किंमत शोधतात आणि मग गाडीबद्दल बोलणं संपतं. जपानी आहे, दोन दारांची आहे, बसकी आहे, आणि तिचे पुढचे दिवे बंद असताना दिसतच नाहीत. बटण दाबलं की बॉनेटवरची दोन झाकणं उचलली जातात आणि खालून दिवे वर येतात. मी सहावीत होते तेव्हा माझा डॉक्टर मामा आखातातली नोकरी सोडून वर्ध्याला परत आला, तो ही गाडी घेऊन. गल्लीतली पोरं तिचा लाल रंग बघत होती. मी मात्र मामाच्या मागे लागले होते, की ते दिवे वर कशाने येतात. मामा म्हणाला, मोटरीने. एक मोटर की दोन, असं मी विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं. "गाडी चालवायला ते माहीत असावं लागत नाही," असं म्हणून त्याने विषय संपवला.

मला ते तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

पुढे मामाचं वय झालं आणि तो कायमचा पुण्याला मुलाकडे राहायला निघाला. गाडी तोवर कित्येक वर्षं टिनाच्या शेडमध्ये पडून होती. मुलाला ती भंगारात द्यायची होती. मामाने मला फोन केला, "तुला ते दिव्यांचं अजून बघायचं असेल तर घेऊन जा." मी गेले आणि घेऊन आले, म्हणजे दोर बांधून ओढत आणली. मोटरी दोन आहेत, प्रत्येक दिव्याला एक. उजवीकडची जळालेली होती, त्यामुळे पहिले काही महिने गाडी एकाच डोळ्याने बघायची. नाव बदलणं, तपासणी, पुन्हा नोंदणी यात माझी एक अख्खी उन्हाळ्याची सुट्टी गेली. ते मी इथे लिहीत नाही, कारण वाचणाऱ्याने माझं काही वाईट केलेलं नाही.

गाडी आखातातली, म्हणून तिचं स्टिअरिंग डावीकडे. पेट्रोलपंपावरचा माणूस सवयीने उजव्या खिडकीशी येतो आणि रिकाम्या सीटला विचारतो, किती टाकू. ते सवयीचं होतं. खरी पंचाईत ओव्हरटेक करताना होते. पुढे कापसाने फुगलेला ट्रक असला तर डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला समोरून काय येतंय ते दिसत नाही. उजवीकडे बसलेल्याने डोकावून सांगायचं, की निघ. म्हणजे या गाडीला दोन माणसं लागतात, एक चालवणारं आणि एक भरवशाचं. माझा नवरा बँकेत आहे आणि सावध माणूस आहे. त्याच्या सांगण्यावर गाडी चालवली तर वर्ध्यापासून सेलूपर्यंत एकाच ट्रॅक्टरच्या मागे जावं लागतं.

पण ही पंचाईत गाडी चालू झाल्यावरची. आधी ती चालूच होत नव्हती.

कार्बोरेटर उघडायचा होता. त्याच्या झाकणावर फुलीच्या खाचेचे स्क्रू होते, आपण ज्यांना स्टार स्क्रू म्हणतो ते. वर्ध्यातल्या तीन मेकॅनिकनी एकामागून एक प्रयत्न केला आणि तिघांनीही स्क्रूंची माथी गुळगुळीत करून ठेवली. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसल्यासारखा वाटायचा आणि जोर लावला की सटकायचा. तिघांचं म्हणणं एकच, माल हलका आहे. चाळीस वर्षं टिकलेला माल हलका कसा? मी शाळेतून भिंग आणलं आणि बघत बसले. प्रत्येक स्क्रूच्या माथ्यावर, फुलीच्या बाजूला, सुईने टोचल्याएवढा एक ठिपका होता. एकावर नाही, सगळ्यांवर. म्हणजे तो कोणीतरी मुद्दाम केला होता. का केला असेल, या विचाराने मला दोन दिवस धड जेवण गेलं नाही.

मी सेलूच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. स्टाफरूममध्ये ठिपक्याची गोष्ट सांगितली तेव्हा बाकीच्यांनी चहा पीत माझी कीव केली. एक सर नाचणगावचे आहेत. ते म्हणाले, "आमच्या गावात एक म्हातारे फिटर आहेत. कापडाच्या मिलमध्ये जन्म गेला त्यांचा. त्यांना दाखवा. फक्त मोठ्याने बोला, मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेलेत."

पुढच्या रविवारी कार्बोरेटर पिशवीत घालून मी नाचणगावला गेले. अंगणात शेवग्याचं झाड, त्याच्या मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये एक जुनी लेथ. फिटर बारीक अंगाचे, अठ्ठ्याहत्तरीचे, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं. "जय भीम," म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली आणि नंतर अर्धा तास माझ्याकडे पाहिलं नाही. कार्बोरेटर हातात घेऊन ते स्क्रूवर बोट फिरवत राहिले.

"किती जणायनं हात लावला याले?"

"तिघांनी," मी ओरडून सांगितलं.

"तिघायचाबी पेचकस लांब हाय. टोक खाली टेकते आन् बाजूनं पकड भेटत नाई."

ते उठले, एक स्क्रूड्रायव्हर घेतला आणि त्याचं टोक ग्राइंडरवर जरासं टेकवलं. खाचेत घालून पाहिला. पुन्हा जरासं घासलं. चौथ्यांदा त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाचेत उभा केला आणि हात सोडला, तर तो तसाच उभा राहिला. मग मनगट वळवलं आणि तिघांना न हललेला स्क्रू सुटला. मी ठिपक्याचं विचारलं. ते म्हणाले की मिलमध्ये एकदा जपानची मशीन आलती, तिच्याही स्क्रूवर असाच ठिपका होता. "तो म्हंते, मी दिसतो तुमच्या स्क्रूवानी, पण मी वेगळा हाय. तुमचा पेचकस मले लावू नका." त्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीला त्यांनी लाल सूत बांधलं, म्हणजे तो दुसऱ्या कामाला कोणी घेणार नाही.

त्या दिवशी परत येताना मी इतकी खुश होते की पुलगावच्या फाटकावर किती वेळ थांबले ते मला आठवत नाही. पंधरा दिवसांत गाडी ओढून फिटरांच्या अंगणात शेवग्याखाली आणली. मी त्यांना काकाजी म्हणायला लागले आणि ते मला मॅडम.

त्या हिवाळ्यातले सगळे रविवार मी नाचणगावला काढले. काकाजींची पद्धत होती की कुठलाही भाग खोलायच्या आधी त्याचं चित्र काढायचं. मुलाच्या शाळेच्या जुन्या वह्यांची मागची कोरी पानं त्यासाठी ठेवलेली होती. चित्र झालं की खोलायचं, आणि खोललं की लगेच दुरुस्तीला न लागता आधी बघत बसायचं. हे असं का केलं असेल, जपानच्या माणसाने इथे वाकडी नळी का घेतली असेल, यावर आमचा चहा गार व्हायचा. ब्रेकमधले रबरी वायसर आपल्याकडच्या एका व्हॅनचे बसले. रेडिएटरची जाळी वर्ध्याला ट्रकचे रेडिएटर बनवणाऱ्याकडून करून घेतली. दिव्याची जळकी मोटर त्यांनी स्वतः तांब्याची तार गुंडाळून बांधली. दोन्ही दिवे एकदम वर आले तेव्हा त्यांनी बटण किती वेळा दाबलं याची गणती नाही. शेवटी आतून सुनेने सांगितलं, "बाबा, बॅटरी उतरन."

एका बाबतीत आमचं वाजलं. मला ठिणगी पाडणाऱ्या जुन्या प्लॅटिनम पॉइंटच्या जागी नवं इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचं होतं, म्हणजे सकाळी गाडी पहिल्या चावीला चालू होईल. काकाजींना ते पसंत नव्हतं. मी तरी मागवलं. काळी, काडेपेटीपेक्षा मोठी डबी होती ती, सगळीकडून डांबरासारख्या पदार्थाने बंद केलेली. काकाजींनी ती उलटीसुलटी करून पाहिली, हलवून पाहिली. "यात पाह्याले काईच नाई," ते म्हणाले आणि मला परत दिली. बसवून दिली त्यांनी, पण तिच्यापुरतं चित्र काढलं नाही.

कान नव्हते तरी इंजिन ते ऐकायचे. मिलमधला एक जुना लाकडी धोटा त्यांनी जपून ठेवला होता, मागावर आडवं सूत घेऊन धावतो तो. त्याचं एक टोक इंजिनला लावायचं आणि दुसरं दातांत धरायचं. डोळे मिटायचे. आवाज दातांतून डोक्यात जातो, असं ते म्हणायचे. मी घरी मिक्सरवर लाटणं लावून तसं करून पाहिलं. खरंच जातो. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत होता आणि तसाच परत गेला.

काकाजींचा मुलगा सरकारी कचेरीत कारकून आहे, पंचेचाळिशीचा, शांत माणूस. त्याला बापाचं हे काम आवडायचं नाही. कारणही होतं. वर्षभरापूर्वी शेजारच्याच्या पंपाच्या पट्ट्यात काकाजींचं बोट सापडलं होतं, थोडक्यात वाचलं. एका रविवारी तो माझ्यासमोरच म्हणाला, "बाबा, आता पुरे करा. कानाले ऐकू येत नाई, हात थरथरते. लोकायच्या गाड्या बिघडवून ठेवान."

त्याने ते जोरात म्हटलं होतं, ऐकू जावं म्हणूनच. काकाजींनी हातातला पाना खाली ठेवला. "ज्या दिवशी माहा हात चुकन, त्या दिवशी मीच हत्यारायची पेटी बंद करीन. तुले सांगा लागणार नाई. तोवर बोलजो नको." मुलगा आत गेला. काकाजींनी पुन्हा पाना उचलला, पण त्या दिवशी चित्र काही नीट आलं नाही. तेव्हाच मला कळलं की त्या अंगणात माझी गाडी नुसती दुरुस्त होत नव्हती. काकाजी स्वतःची परीक्षा देत होते आणि परीक्षक घरातच होता.

सगळ्यात शेवटी टॅपेटचं काम आलं. इंजिनच्या वरच्या भागात झडपा असतात आणि त्यांना दाबणारे दांडे असतात. त्या दोघांच्या मधे ठरावीक फट ठेवावी लागते. किती ठेवायची ते मामाने जपलेल्या इंग्रजी पुस्तकात होतं. काकाजींना इंग्रजी वाचता येत नाही, आकडे येतात. फट इंजिन गरम असतानाच मोजायची होती, म्हणून मी घाईने पुस्तकात बघून एका चिठ्ठीवर लिहून दिलं: आत २५, बाहेर ३०. आत म्हणजे पेट्रोल-हवा आत घेणाऱ्या झडपा, बाहेर म्हणजे धूर सोडणाऱ्या.

काकाजींनी पेटीतून फिलर गेज काढलं. पोलादाच्या पातळ पत्त्यांचा जुडगा असतो तो, प्रत्येक पत्तीवर तिची जाडी लिहिलेली. फटीत पत्ती सरकवायची, जेमतेम घासून गेली की फट बरोबर. मिलपासूनचं गेज होतं ते, पत्त्या झिजून चकाकत होत्या. त्यांनी पंचवीसची पत्ती वेगळी केली, चिठ्ठीकडे पाहिलं, पत्तीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"बराबर हाय ना, मॅडम?"

"पुस्तकातलंच आहे, काकाजी."

आठ झडपा त्यांनी अर्ध्या तासात बसवल्या. इंजिन चालू केलं. त्यांनी धोटा दातांत धरला आणि बराच वेळ डोळे उघडले नाहीत. मग म्हणाले, "खडखड लागून राह्यली दाताले. तुमाले आयकू येते का?" येत होतं. शिलाई मशीन जोरात चालवल्यासारखी टकटक होती. पण मी तोवर मोबाइलवर अशा गाड्यांचे ढीगभर व्हिडिओ पाहिले होते आणि मला सगळं कळतं असा माझा समज झाला होता. मी म्हटलं, "रेसच्या गाडीचा आवाज असाच असतो." काकाजींनी मान डोलावली आणि बॉनेट लावून टाकलं.

पुढच्या महिन्यात नागपूरला जुन्या गाड्यावाल्यांचा एक मेळावा होता. मी काकाजींना म्हटलं, तुम्हीच चला उजव्या सीटवर. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, धोटा कागदात गुंडाळून सोबत घेतला. माझ्या नवऱ्यासारखा हा माणूस नव्हता. जवळचं बघायला चष्मा लागायचा, पण लांबचं त्यांना माझ्यापेक्षा स्पष्ट दिसायचं. ते खिडकीतून डोकावत, रस्ता मोकळा दिसला की दोन बोटं वर करत आणि म्हणत, "निंघा." मी निघायचे. ऐकायचं मी आणि बघायचं त्यांनी, अशी आमची वाटणी होती. पवनारपासून केळझरपर्यंत आम्ही कितीतरी ट्रक मागे टाकले. केळझरला मी टेकडीवरच्या गणपतीचं दर्शन घेऊन आले तोवर काकाजींचं खाली जमलेल्या पंधरा-वीस लोकांना दिवे वर कसे येतात ते दाखवून झालं होतं. इतकी मजा मला बऱ्याच वर्षांत आली नव्हती.

मेळाव्यात एक गॅरेजवाला आला. भला माणूस, कामाचा माणूस. चालू इंजिनजवळ कान नेऊन तो म्हणाला, "मॅडम, टॅपेट किसने बसवले?" मी अभिमानाने काकाजींकडे बोट दाखवलं. त्याने तिथेच वरचं झाकण खोललं आणि आपलं गेज काढलं. त्याची पत्ती फटीत गेली आणि तिथे सैल डुलायला लागली. "अडीचपट ढिले आहेत. अशीच चालवली असती तर झडपा उघडणारा आतला कॅम झिजून गेला असता." मग आवाज खाली आणून, समजुतीने म्हणाला, "पुराने मिस्त्री लोग. उमर में हाथ जाता है, क्या करें."

काकाजींना त्यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "काय म्हंते तो?"

"थोडं ढिलं आहे म्हणतो."

"थोडं नाई. पत्ती डुलत होती. मी पाह्यलं."

गॅरेजवाल्याने आठही झडपा पुन्हा बसवल्या. इंजिन चालू झालं आणि टकटक गेली. काय सुरेख, एकसारखा आवाज होता तो. लोक वाहवा करत होते. काकाजींनी धोटा कागदातून काढलाच नाही.

परतीच्या वाटेवर ते सीटवर मागे टेकून बसले. मी ट्रॅक्टरच्या मागे, मग दुसऱ्या ट्रॅक्टरच्या मागे. दोन बोटं वर आली नाहीत. केळझरच्या आसपास ते म्हणाले, "पोट्टा बराबर म्हंत होता. हात गेला, मॅडम. आता पेटी बंद." मी हातवारे करून काहीतरी म्हटलं, असं होतं कधीकधी, अशा अर्थाचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

सेलू आलं. माझी शाळा रस्त्यावरून दिसते. त्या शाळेत माझी ख्याती एकाच गोष्टीची आहे. गणित बरोबर आलं पण उत्तरापुढे एकक लिहिलं नाही, तर मी अर्धा गुण कापते. "पंचवीस काय? पंचवीस आंबे की पंचवीस म्हशी?" हे माझं वाक्य पोरं माझ्या पाठीमागे नक्कल करून म्हणतात. शाळेची कमान गेली आणि मला ती चिठ्ठी डोळ्यांपुढे दिसली. आत २५, बाहेर ३०. पंचवीस काय?

पुस्तकात होतं शून्य पूर्णांक पंचवीस मिलिमीटर. मी शून्य गाळलं, मिलिमीटर गाळलं. काकाजींचं गेज इंग्रजी माग चालवणाऱ्या मिलमधलं. त्याच्यावरचे पंचवीस म्हणजे इंचाचे पंचवीस हजारांश. हिशोब स्टिअरिंगवरच झाला. शून्य पूर्णांक त्रेसष्ट मिलिमीटर, म्हणजे बरोबर अडीचपट. मी लिहून दिलं होतं तेवढीच फट आठही ठिकाणी होती, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. थरथरणाऱ्या हातांनी त्यांनी ते केलं होतं.

तिथेच गाडी बाजूला घ्यायला हवी होती. मी घेतली नाही. मी स्वतःला सांगितलं, चालत्या रस्त्यावर ओरडून काय सांगायचं, घरी गेल्यावर निवांत सांगू. नाचणगावला पोचलो तेव्हा मुलगा दारात होता. त्याने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी गाडी वळवली आणि निघून आले. खरं कारण एवढंच होतं की मला लाज वाटत होती. शाळेतली बाई म्हणून मिरवायची तीस वर्षांची सवय होती आणि चुकले म्हणायची नव्हती.

आठवड्यात स्टाफरूममधून बातम्या आल्या. लेथवर पोतं घातलं. पेटी पोटमाळ्यावर गेली. काकाजी दिवसभर ओट्यावर बसून असतात. त्याच आठवड्यात मी नववीचे पेपर तपासत होते. एका मुलीने उत्तर बरोबर काढून पुढे काहीच लिहिलं नव्हतं. लाल पेन हातात घेऊन मी बसून राहिले. त्या मुलीचा अर्धा गुण कापून भागलं असतं, माझं कोणी काय कापणार होतं? नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "एवढं अवघड वाटतंय तर लिहून पाठव." मी म्हटलं, लिहून दिलं म्हणूनच हे झालंय.

रविवारी मी नाचणगावला गेले. गाडी नेली नाही, बसने गेले. वाटेत मी मनाशी हळुवार वाक्यं जुळवत होते. बहिऱ्या माणसाशी हळुवार बोलता येत नाही, हे ओट्यासमोर उभी राहिल्यावर लक्षात आलं.

"काकाजी, चूक माझी होती."

त्यांनी कानामागे हात नेला. मी आवाज चढवला. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालता घालता थांबली. "चिठ्ठीवर मी पंचवीस लिहिलं, पण पंचवीस काय ते लिहिलं नाही. पुस्तकात मिलिमीटर होते. तुमची पत्ती इंचाची. मी सांगितलं तेवढंच तुम्ही बसवलं. तुमचा हात चुकला नाही."

ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"मले शंका आलती," ते म्हणाले. "फट मोठी दिसून राह्यली होती. दातालेबी खडखड लागली."

"मग मला अडवलं का नाही?"

"एकडाव इचारलं ना. तुमी म्हंतलं पुस्तकातलं हाय. मी चौथी पास. तुमी लेकरं शिकवता. मास्तरीनबाईनं लिहून देलं, त्याच्यावर मी अजून काय बोलू?"

शंका आली तर विचारा, असं मी वर्गात रोज सांगते. आणि ज्याला माझ्यापेक्षा चारपट जास्त कळत होतं तो माणूस माझ्या शिक्षणाला भिऊन गप्प बसला होता. मला इतकं वाईट वाटलं की मी ओट्याच्या पायरीवर बसून घेतलं.

"पुन्हा सांगा," काकाजी म्हणाले.

"काय?"

"तेच. आयकू नाई आलं."

मला समजेना. आत्ताच तर त्यांनी प्रत्येक शब्दाला उत्तर दिलं होतं. तरी मी पुन्हा सांगितलं, चूक माझी होती, तुमची नाही. त्यांनी मान हलवली. "अजून जोरानं." आता समोरची बाई उघडपणे ऐकत होती आणि तिच्या शेजारी आणखी दोघी आल्या होत्या. घरातला भांड्यांचा आवाज थांबला. मुलगा बनियनवर बाहेर आला, हातात वर्तमानपत्र. काकाजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडेच बघत होते, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी उठून उभी राहिले आणि तिसऱ्यांदा सांगितलं, घसा फाटेस्तोवर, या वेळी मुलाकडे तोंड करून. "तुमच्या बाबांचा हात चुकला नाही. त्यांनी अगदी बरोबर केलं होतं. चुकीचं मी लिहून दिलं."

मुलगा उंबऱ्यात उभा राहिला. वर्तमानपत्राची घडी केली, पुन्हा उलगडून पुन्हा केली. मग त्याने आतून खुर्ची ओढून पोटमाळ्याखाली ठेवली आणि तिच्यावर चढला. दारातून त्याचे फक्त पाय दिसत होते. वर काहीतरी लोखंडी सरकल्याचा आवाज झाला. पेटी जड होती. "बाबा, धरा," तो म्हणाला, इतक्या हळू की मला जेमतेम ऐकू आलं. काकाजी तोवर दोन्ही हात वर करून खुर्चीपाशी उभे होते.